नाशिक दाखवणारे

रामकुंडाच्या उतारावर नवखा माणूस दिसला की दोन प्रश्न हमखास त्याच्या दिशेनं येतात. रिक्षावाला विचारतो, "पंचवटी-तपोवन दर्शन करायचं का?" आणि घाटावरचे गुरुजी विचारतात, "गाव कोणतं? आडनाव काय?" हे दोघे एकाच धंद्यातले आहेत असं म्हटलं तर दोघांनाही राग येईल. पण परक्या माणसाला गावातून हिंडवायचं, जागोजागी थांबवून गोष्ट सांगायची आणि त्याबद्दल भाडं किंवा दक्षिणा घ्यायची, हे काम नाशकात फार जुनं आहे. त्याची वंशावळ लावायची तर गुरुजींपासूनच सुरुवात केलेली बरी. वंशावळी त्यांच्याकडेच असतात.

नाशिकचे क्षेत्रोपाध्ये यजमानांच्या नामावळ्या ठेवतात. जुन्या वह्या मोडीत आहेत, गावावर आणि कुळावर लावलेल्या. गाव, जात, आडनाव सांगितलं की हे यजमान कोणत्या उपाध्यायाच्या घरचे ते ठरतं. मग वही निघते. आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या, मुलं किती, भाऊ किती, सगळं तिथं सापडतं, आणि खाली आजोबांची सही. नव्यानं आलेल्यानं आपल्या मुलाबाळांची नावं लिहायची आणि सही करायची. ही वृत्ती वंशपरंपरेची, म्हणून भावाभावांत वाटण्या होत तेव्हा घरादाराबरोबर वह्याही वाटल्या जात. बड्या घराण्यांनी तर उपाध्यायांना लेख करून दिले : आमच्या कुळातला जो कोणी येईल त्यानं यांनाच मानावं. आजच्या भाषेत कायमचं बुकिंग.

यात्रेकरू उतरायचा उपाध्यायाच्या वाड्यात, जेवायचा तिथंच. क्षौर, स्नान, श्राद्ध आटोपलं की देवदर्शन. वाटाड्या, यजमान, पुरोहित आणि खानावळवाला ही चारही कामं एकाच घराकडे. आणि या फेरीतलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे पाहुण्याचा स्वतःचा पणजोबा! जगातल्या कुठल्याही गाइडला ही युक्ती साधलेली नाही. आधी माणसाला त्याचंच नाव दाखवायचं. मग गाव त्याला आपोआप आपलं वाटतं.

उपाध्यायाच्या गोष्टींचा साचा त्याहूनही जुना आहे. ब्रह्मपुराणात गौतमीमाहात्म्य आहे, शंभरावर अध्यायांचं. गोदावरीकाठचं एकेक तीर्थ घ्यायचं, त्याचं नाव सांगायचं, ते नाव का पडलं त्याची कथा सांगायची आणि शेवटी तिथं स्नान केल्याचं फळ. नाव, कथा, फळ. आज रामकुंडावर उभं राहून कुणीही माहिती सांगू लागला तर ऐकून बघा, क्रम हाच असतो. इथं रामानं दशरथाचं श्राद्ध केलं. इथं अस्थी विरघळतात. समोरच्या कपालेश्वरात नंदी नाही, कारण अमुक. ही सीतागुंफा, हे पाच वड, आणि पुढं तपोवनात लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा.

गोष्ट त्रेतायुगातली आणि दगड मात्र बहुतेक पेशवाईतले. रामकुंडाचं बांधकाम १६९६चं. नारोशंकराचं रामेश्वर मंदिर १७४७चं, सुंदरनारायण १७५६चं. काळाराम सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रामशेजच्या काळ्या दगडात उभा केला. पेशव्यांच्या घरातल्या बायकांनी तर नाशकात वास्तव्यच केलं : गोपिकाबाई इथंच वारल्या, आनंदीबाईंनी आनंदवल्लीत दिवस काढले. म्हणजे आजची दर्शनाची फेरी, तिच्यातले थांबे, त्यांच्यातली पायी अंतरं, घाटाच्या पायऱ्या, हे सारं मुख्यतः अठराव्या शतकात एका सरदार पिढीनं पक्कं केलेलं आहे. वाटाड्या तिचा उल्लेख फारसा करत नाही. अपवाद एक, नारोशंकराची घंटा. १७३९मध्ये वसई पडली, तिथली पोर्तुगिजांची घंटा नाशकात आली, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे. ही गोष्ट मात्र सगळे रंगवून सांगतात. विजयाची आहे आणि वर बोट दाखवून सांगता येते.

आता घाट सोडून गावाच्या नैर्ऋत्येला आठ किलोमीटर जाऊ. तिथल्या डोंगरावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, म्हणजे इथंही कुणा जुन्या वाटाड्याचंच राज्य आहे. वनवासी पांडव इथं राहिले एवढं सांगितलं की डोंगर चढून आलेल्याचं समाधान होतं. गंमत अशी की या लेण्यांना वाटाड्याची गरजच नाही. कोणी खोदली, का खोदली, खर्च कुठून केला, हे त्यांनी स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलं आहे. फक्त लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, मधूनच संस्कृत. ती वाचणारा माणूस मध्ये कित्येक शतकं नव्हता.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. मला विचाराल तर नाशकात पाहण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. त्यांतल्या एकात तो आपण कुठंकुठं काय केलं ते सांगतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथं चौसोपी विश्रांतिगृहं बांधली, विहिरी, तळी, बागा केल्या. दमण, तापी, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. यांतलं गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं गंगापूर-गोवर्धन. परक्या माणसानं यावं, उतरावं, नदी ओलांडावी याची सोय या परिसरात झाल्याचा पुरावा असा दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे.

दुसऱ्या एका लेखात हिशेब आहे, आणि तो तपासून पाहता येतो. उषवदातानं हे लेणं संघाला दिलं आणि तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं. दोन हजारांचं व्याज वर्षाला २४० होतं. लेखात म्हटलं आहे की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०. पैचाही फरक नाही. शिवाय हे सारं निगमसभेत जाहीर केलं, दप्तरात चढवलं, असंही नमूद आहे. म्हणजे ठेव आहे, व्याजदर आहे आणि नोंदणीही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही पतसंस्थेच्या संचालकाला हा लेख दाखवावा, तो पांडव विसरेल.

तिसऱ्या लेण्यात उत्तरार्ध आहे. नहपानाचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीनं केला. त्याची आई गौतमी बलश्री हिनं नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणं भिक्षूंना दिलं आणि मुलाची थोरवी कोरवून घेतली. नहपानाचा क्षहरात वंश त्यानं निःशेष केला, असं ती सांगते. लेण्याची घडण मात्र त्याच क्षहरातांच्या दहाव्या लेण्याला समोर ठेवून केलेली दिसते. हरवलेल्या शत्रूची इमारत आवडली होती, असाच याचा अर्थ. त्या पराभवाची साक्ष १९०६ साली जोगलटेंभीला जमिनीतून निघाली : नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. आणि पांडवांचं म्हणाल, तर बलश्रीच्या लेखात मुलाच्या पराक्रमाची तुलना राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी केलेली आहे. भीम-अर्जुन त्या डोंगरावर आहेत, ते असे.

हे सगळं पुन्हा वाचलं गेलं एकोणिसाव्या शतकात. कॅप्टन डेलामेन १८२३मध्ये लेणी पाहून गेला, मुंबईचे जॉन विल्सन १८३१मध्ये आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नाशिकच्या लेखांवरचा निबंध १८७४च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी लेणी न् लेणी तपासली आणि त्यांचं काम १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आलं. हे गॅझेटियर म्हणजे साहेबी अमलाचं माहात्म्यच : स्थळ आहे, कथा आहे, फक्त फळ नाही. आजचा वाटाड्या "तीन नंबर बघा, दहा नंबर बघा" म्हणतो, ते नंबर त्या काळातल्या पाहणी करणाऱ्यांनीच लावलेले आहेत. पण ही माहिती इंग्रजीत राहिली. रेल्वे झाली, नाशिक रोडपासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम झाली, यात्रेकरू वाढले. ते उपाध्यायाकडे गेले, आणि टोपीवाले डोंगरावर. एकाच गावात दोन फेऱ्या सुरू झाल्या आणि दोघींची गाठ पडेना.

तिसरी एक फेरी अडवली गेली, तिचाही या वंशावळीत हिशेब हवा. काळारामाच्या दरवाज्यातून आत कोणी जायचं हे उपाध्यायाच्या पहिल्या प्रश्नातच ठरत होतं. जात विचारायची ती केवळ वही शोधण्यासाठी नव्हे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही मंदिराकडे निघाले तेव्हा चारही दरवाजे बंद करण्यात आले. पुढं दादासाहेब गायकवाडांनी लढा नेटानं चालवला, त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, वर्षांमागून वर्षं गेली आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७चा. आज काळाराम दाखवणारा माणूस ओढेकरांच्या खर्चाचे आणि कारागिरांचे आकडे सांगून थांबत असेल, तर त्यानं मंदिर अर्धंच दाखवलं असं मी समजतो. दुसरीकडे, पांडवलेण्यांकडे बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येनं येतात. पायथ्याशी बुद्धविहार झाला आहे. ती मंडळी त्रिरश्मी लेणी म्हणतात, आणि ते नाव लेखांतल्या डोंगराच्या नावाशी जुळणारं आहे. त्यांच्या वाटाड्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती भिंतीवरच्या मजकुराच्या जास्त जवळ जाते.

दोन फेऱ्यांची गाठ घातली एसटीनं. 'नाशिक दर्शन'ची बस सकाळी जुन्या सीबीएसवरून सुटायची, आणि पंचवटी, लेणी, त्र्यंबकेश्वर असं सारं एका दिवसात बसवायची, माहिती मराठीतून. गाव नाही, आडनाव नाही, तिकीट काढलं की झालं. वहीची सद्दी तिथं संपली, असं म्हणायला हरकत नाही. रिक्षानं तीच फेरी आणखी आखूड केली. भाडं फेरीवर असल्यामुळं पाहुण्याला लवकर उरकण्यात रिक्षावाल्याचा फायदा आहे; गोष्टी त्यामुळं एका-एका वाक्याच्या झाल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाहुण्यालाही संध्याकाळची गाडी गाठायची असते.

आणि आताच्या मुंबईकराला विचारलं, नाशकात गाइड घेऊन काय पाहिलंत, तर तो वाइनरी म्हणेल. सुला या वाइनरीनं १९९९च्या सुमारास कामाला सुरुवात केली, २००५मध्ये चवकक्ष उघडला, आणि तेव्हापासून द्राक्ष चेपण्यापासून लाकडी पिंपापर्यंत सगळं दाखवत नेणारी फेरी रुळली. गणवेशातला तरुण किंवा तरुणी, ठरलेली वेळ, ठरलेलं तिकीट, शेवटी पेले. हा परिसर कुठला? गोवर्धन. उषवदाताचं विश्रांतिगृह जिथं होतं आणि ज्यांच्या श्रेणींनी त्याची ठेव सांभाळली ते विणकर जिथं होते, तेच. फेरीत हे कुणी सांगत असेल तर मला आनंदच होईल.

इतक्या पिढ्यांत वाटाड्या बदलत गेला तो पाहुण्यामुळं. ज्याला पुण्य हवं होतं त्याला फळ सांगितलं गेलं, ज्याला घाई होती त्याला एक वाक्य, ज्याला पेला हवा त्याला पेला. २०२७च्या सिंहस्थाला नाशकात प्रचंड गर्दी होईल आणि नवे वाटाडे तयार होतील. ते काय सांगतील हे आपण काय विचारतो यावर ठरेल. तेव्हा नाशकाला याल तर एक सकाळ लेण्यांसाठी ठेवा, बॅटरी घ्या, माहितीगार सोबत घ्या, त्याला घासाघीस न करता पैसे द्या, आणि दहा नंबरच्या लेण्यात थांबून विणकरांच्या ठेवीचा हिशेब विचारा. त्याला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. पुढच्या पाहुण्याला तो नक्की सांगेल.