सिएटल १९६२: जत्रा उठली, छप्पर राहिलं

हेडफोन लावलेत ना? आज सिएटल.

आयटीत असल्यामुळे माझे बरेच मित्र तिकडे आहेत. प्रत्येकाच्या फोटोत मागे स्पेस नीडल असतोच. मी गेलो तेव्हा मात्र अडकलो ते त्याच्या जवळच्या एका छपरापाशी.

१९६२ मध्ये २१ एप्रिल ते २१ ऑक्टोबर इथे जागतिक प्रदर्शन भरलं. स्पुटनिकने अमेरिकेची झोप उडवली होती, म्हणून थीम विज्ञान आणि एकविसावं शतक. समारोपाला केनेडी येणार होते, पण सर्दीचं कारण सांगून आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर त्यांनी क्युबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल सांगितलं. भारी सर्दी!

असली प्रदर्शनं संपली की बहुतेक मंडप मोडतात. इथे मात्र शहराला नागरी केंद्र आधीपासूनच हवं होतं; १९५६ मध्येच मतदारांनी त्यासाठी ७५ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले होते. म्हणजे लाँचच्या आधीच मेंटेनन्सचा विचार, जो आमच्या प्रोजेक्टमध्ये कधीच होत नाही. पण जागा रिकामी नव्हती. लोकांची घरं गेली, वॉरन अव्हेन्यू नावाची शाळा पाडली गेली. स्पेस नीडलसमोर सेल्फी काढताना हे कोण सांगतंय? मलाही नंतर वाचून कळलं.

आता ते छप्पर. पॉल थिरी या वास्तुविशारदाने प्रदर्शनासाठी कोलिसियम बांधलं. पुढे तिथे सुपरसॉनिक्स बास्केटबॉल खेळायचे. नव्या एरिनावरून वाद झाला आणि २००८ मध्ये टीम थेट ओक्लाहोमा सिटीला गेली. सिएटलकरांसमोर हा विषय काढून बघा, अजून चिडतात.

मग पाडायचं का? नाही. छप्पर वारसा म्हणून जपायचं ठरलं. सुमारे २० हजार टनांचं ते छप्पर तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलून धरलं, आणि खाली खोदून आख्खं नवं एरिना बांधलं! इंटरफेस तोच, आतला कोड नवा. प्रॉडक्शन चालू असताना डेटाबेस बदलताना माझे हात थरथरतात, इथे डोक्यावर २० हजार टन.

२०२१ मध्ये ते क्लायमेट प्लेज एरिना म्हणून उघडलं. आता तिथे क्रॅकन ही टीम आइस हॉकी खेळते. मॅच असली की डाउनटाउनमधून लोक मोनोरेलने येतात. तीही १९६२ चीच, गाड्यासुद्धा त्याच.