लायसन्सच्या कायद्यात ‘नागरिक’ शोधताना

पेण तालुक्यातलं जोहे म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात. समजा, परराज्यातून आलेला एक मुलगा तिथे कामाला आहे आणि त्याला आता मूर्तींचा टेम्पो चालवायचाय. पेणच्या आरटीओत त्याला लायसन्स मिळेल का? मी सायन्सवाली, त्यामुळे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येईल असं वाटलं होतं. कायदा उघडला आणि थेट ब्रिटिश काळात पोचले.

१९१४ च्या कायद्याने देशभर मोटार चालवायला लायसन्स सक्तीचं झालं. १९३९ च्या कायद्यात अर्ज कुठे करायचा ते आलं: माणूस जिथे ‘सामान्यतः राहतो’ किंवा धंदा करतो तिथे. १९८८ च्या कायद्याचं कलम ९ काढून बघा, तीच भाषा. सुरुवात ‘कोणतीही व्यक्ती’ अशी आहे. ‘नागरिक’ हा शब्द नाही.

खरी गंमत नियमांत आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम ४ मध्ये वय आणि पत्त्याच्या पुराव्यांची यादी होती आणि खाली एक परंतुक: यातलं काहीच देता येत नसेल तर दंडाधिकारी किंवा नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र चालू शकेल. कागद नसलेल्या मजुरासाठी दार किलकिलं ठेवलं होतं म्हणायचं. (परंतुकं गाळून वाचू नका. पहिल्या वाचनात मी गाळलं होतं.)

पाहुण्यांची वाट वेगळी. १९४९ च्या जिनिव्हा करारातला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो. लेकीकडे अमेरिकेला जाणारे आपले लोकही तो आरटीओतूनच काढतात. त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९४ पासून कायदेशीर वास्तव्याचा पुरावा मागितला आणि २०१५ पासून ‘एबी ६०’ कायद्याने विनाकागद राहणाऱ्यांना पुन्हा लायसन्स खुलं केलं. अपघात आणि विम्याचा विचार तिथे वरचढ ठरला.

आपल्याकडे ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे व्हिसाशिवाय राहणाऱ्या परदेशी माणसाला अभय, असं मात्र समजू नका. परदेशी नागरिकांचा कायदा वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही.

जोह्यातल्या मुलाचा प्रश्न नागरिकत्वाचा नाहीच, पत्त्याचा आहे. आधारवर गावचा पत्ता, भाडेकरार नाही, गणपती गेल्यावर तो इथे असेलच असं नाही. ‘सामान्यतः राहतो’ यात हंगामी कामगार बसतो का? सध्या मी या दोन शब्दांवर अडकलेय.