डोंगर पाहावयास जाणारे

वऱ्हाड प्रांताचे कोणतेही जुने दप्तर उघडले, तर या मुलखाचे तीन भाग आरंभीच सांगितलेले आढळतात: दक्षिणेस बालाघाट, मध्ये पूर्णा नदीच्या काळ्या कसदार जमिनीचा पायनघाट, आणि उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगांत पसरलेला मेळघाट. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव यांपैकी बालाघाटात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या पठारावर वसलेले असल्यामुळे, महसुली व्याख्येने तेही घाटावरचेच गाव होय. परंतु येथील माणूस स्वतःस डोंगरी म्हणवून घेत नाही. आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह थंड हवा खाण्यास तो निघतो, तेव्हा मेडशीवरून पातूरचा घाट उतरतो, अकोल्याचे मैदान ओलांडतो आणि परतवाड्यापासून समोरचा दुसरा घाट चढून चिखलदऱ्यास पोचतो. काही कामधंदा नसताना, देवाला काही बोललेले नसताना, केवळ पाहावयाचे म्हणून डोंगरात जाण्याची ही चाल आपल्या मुलखात तशी अलीकडची आहे. तिच्यापूर्वी त्या डोंगराची वाट कोण आणि कशासाठी तुडवीत असे, याचा मागोवा घेतल्यावाचून आज तेथे आपण काय पाहतो हे नीटसे उमगणार नाही.

पहिला मान अर्थातच विरक्तांचा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकात सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीच्या डोंगरात तपश्चर्येस राहिले, आणि त्या वास्तव्यामुळे ते रान पंथीयांना तीर्थासारखे पूज्य झाले. परतवाड्यापासून जवळच, डोंगराच्या कुशीत धबधब्याभोवती उभी असलेली मुक्तागिरीची जैन मंदिरे हे असेच एक सिद्धक्षेत्र. भट्टारकांच्या गाद्यांमुळे एके काळी गजबजलेले कारंजे आणि अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर ही दोन्ही स्थाने आजच्या वाशीम जिल्ह्यातच असल्यामुळे, बालाघाटातील श्रावकाला सातपुड्याचा हा कोपरा परका वाटण्याचे कारण नव्हते. पायथ्यालाच बहिरमची यात्रा भरते. पौषातल्या थंडीत महिनाभर राहुट्या पडतात, मातीच्या हंड्यांत रस्सा रटरटतो, आणि नवसाला आलेला कुणबी बैलाच्या सौद्यापासून सोयरिकीपर्यंतची सारी कामे तेथेच उरकून घेतो. या सर्व मंडळींनी डोंगर पाहिला असेलच, पण तो जाताजाता. त्यांच्या मनाची धाव देवाकडे, गुरूकडे अथवा बाजाराकडे होती.

दुसरा वर्ग गवळ्यांचा. गाविलगड हे नावच त्यांच्या वास्तव्याची साक्ष देते असे परंपरा सांगते. आणि आजही मेळघाटातील कित्येक वस्त्यांत म्हशी राखून दूध-खवा खाली परतवाड्याच्या बाजारी उतरविणारे गवळी आहेत. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे चराई, पाणवठा आणि वाघापासून सांभाळावयाचे वासरू.

तिसरी वहिवाट राजसत्तेची, आणि ती सर्वांत खोल रुजलेली. इतिहासकार फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे बहमनी सुलतान अहमदशाह वली याने एलिचपुरास मुक्काम असताना 1425 च्या सुमारास गाविलगडाचा कोट बांधविला. पुढे इमादशाहीच्या संस्थापकाने त्याची डागडुजी केली, निजामशाहीने तो घेतला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगलांचा अंमल बसला. अबुल फज्लाने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची हकीकत लिहिताना या किल्ल्याच्या बळकटीची वाखाणणी केली आहे, आणि तेथील एका झऱ्याच्या पाण्यावर पोलादी हत्यारांना धार चढवितात, हेही टिपून ठेवले आहे. त्याच ग्रंथात वाशीम सरकारच्या आसपास राहणाऱ्या मानी आणि सहसा न नमणाऱ्या हटकरांचाही उल्लेख येतो. दोन्ही घाटांकडे पाहण्याची बादशाही नजर यावरून कळते: डोंगरातील पाणी हत्यारासाठी, आणि डोंगरातील माणूस बंदोबस्तासाठी. जेथे किल्लेदाराचा हात पोचत नसे तेथे घाटवाटा राखणारे डोंगरी सरदार आपला हक्क वसूल करीत, आणि खालच्या परगण्यांतील रयत तो मुकाट्याने देत असे.

1803 साली या व्यवस्थेचा शेवट झाला. 29 नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाल्यावर जनरल वेलस्ली गाविलगडावर चालून आला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने अवजड तोफा अत्यंत बिकट वाटेने ओढून नेऊन किल्ल्याची उत्तर बाजू गाठली, 15 डिसेंबरला तटाच्या खिंडारातून हल्ला झाला, आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. अवघ्या दोन दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावच्या तहावर शिक्कामोर्तब झाले. यानंतर वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचा शोध लावला, असे इंग्रजी कागदपत्र सांगतात. ज्या पठाराच्या कुशीत चारशे वर्षे किल्ला नांदत होता, जेथे भीमाने कीचकाला मारून दरीत लोटले अशी कथा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते आणि ज्या पाण्यात त्याने हात धुतले ते भीमकुंड दाखवीत होते, त्या स्थळाचा 'शोध' एका लष्करी अंमलदाराने लावावा, याचे आज हसू येते. तथापि त्याने एक गोष्ट खरोखरच नवी शोधली होती, आणि ती म्हणजे तेथील हवा.

कारण हवेसाठी डोंगर चढणे ही त्या काळच्या गोऱ्या अंमलदारांची निकड होती. मैदानातील उन्हाळा आणि ताप यांनी पलटणीच्या पलटणी खचत असल्यामुळे, आजारी शिपायांना व साहेबांच्या कुटुंबांना उंचावर नेऊन ठेवावे हा विचार हिंदुस्थानभर मूळ धरीत होता. साताऱ्याच्या महाराजांकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा 1829 च्या सुमारास घेण्यात आली आणि पंचगंगेच्या जुन्या क्षेत्राशेजारी माल्कमपेठ उठली. माथेरानची उंची ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेस 1850 मध्ये पडली. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आल्यावर चिखलदऱ्यासही तेच भाग्य लाभले. बंगले उठले, कॉफीची झाडे लागली, उन्हाळ्यात साहेबांच्या कचेऱ्या वर येऊ लागल्या. याच काळात, 1858 मध्ये, बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून गाविलगडाचे तट मोडून टाकण्यात आले. लढावयाचा डोंगर निकामी केल्यानंतरच पाहावयाचा डोंगर तयार झाला, हा कालक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणि याच सुमारास आणखी एक सीमा आखली गेली, तिचा परिणाम किल्ल्याच्या पाडावाहून दूरवर पोचला. 1860 नंतरच्या दशकात आगगाडी वऱ्हाडातून नागपुराकडे निघाली, लाकडाला मोल आले, आणि मेळघाटातील सागवान सरकारच्या डोळ्यांत भरले. बैरागड व गुगामळ येथील जंगले राखीव झाली. झाडोरा जाळून त्या राखेत बी फेकण्याची कोरकूंची दह्याची शेती गुन्हा ठरत गेली. आणि ज्या रानात कोदो-कुटकी पिकवून व मोह वेचून पिढ्या जगल्या होत्या, त्याच रानात लाकूड तोडण्यास परवाना लागू लागला. साहेब शिकारीस बाहेर पडत तेव्हा हाकारे घालावयास तोच कोरकू बोलावला जाई. पाहुण्याची करमणूक व यजमानाची मनाई ही एकाच कचेरीतून निघालेली फर्माने होती.

आजच्या प्रवाशाला जे 'पारंपरिक गाव' पाहावयाचे असते ते या कोरकूंचे. रुंद रस्त्याच्या दोहों बाजूंस समोरासमोर उभ्या राहिलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी, बांबूच्या ताट्यांवर माती-शेण लिंपलेल्या भिंती, झाडून-सारवून लख्ख ठेवलेली अंगणे आणि गावाचा राखणदार मुठवा देव. ही रचना इतकी नेटकी असते की आपल्या वाडे-गढ्यांच्या वाकड्यातिकड्या आळ्यांतून गेलेला बालाघाटी माणूस पाहतच राहतो. पूजाअर्चा भुमका पाहतो, पंचायतीत पटेलाचा शब्द चालतो. त्यांची भाषा मराठीच्याही कुळातली नव्हे आणि गोंडीच्याही नव्हे. ती मुंडा कुळातील असून तिचे जवळचे आप्त दूर छोटानागपुरात आहेत. आपल्या समोरच्या क्षितिजावर, एका दिवसाच्या वाटेवर, इतक्या निराळ्या कुळाचे लोक राहतात याची जाणीव वऱ्हाडी शाळांतील मुलांना क्वचितच करून दिली जाते.

स्वातंत्र्यानंतर वाट सुकर झाली. अकोला-पूर्णा ही मीटरगेज रेल्वे वाशिमावरून जात असे. तिला 1960 च्या सुमारास उत्तरेचा खांडव्याकडील दुवा जोडला गेला, तेव्हा किन्हीराजाच्या माणसाने जवळच्या जऊळका स्टेशनावर गाडीत बसावे आणि धूळघाटात रुळांचा वेढा घेत सातपुडा चढणारी गाडी खिडकीतून पाहावी, हे शक्य झाले. पण 1974 मध्ये मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गणला गेल्यावर त्या रानाची मोजदाद पुन्हा बदलली. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी उठवून खाली अकोट तालुक्यात वसविण्यात आली. मागाहून वैराटचीही पाळी आली. गाविलगड रांगेतील सर्वोच्च ठिकाण आणि विराट राजाची नगरी म्हणून प्रवासी ज्या वैराटला हौसेने जात, तेथे आता वस्ती नाही. वाघाला निर्वेध रान हवे हे खरे, आणि खालच्या शाळा-दवाखान्यांच्या आशेने राजीखुशीने उतरलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. परंतु रानाचा रहिवासी निघाला आणि रान पाहणारा तिकीट काढून आत आला, या अदलाबदलीत 1860 नंतरच्या दशकाचेच सूत्र कायम राहिलेले दिसते.

बालाघाटाच्या वाट्यास याच्या उलट दैव आले आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून वाशीम जिल्हा ओलांडण्यास मोटारीला फारसा वेळ लागत नाही. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर किन्हीराजाच्या फाट्याशी चहाला थांबणारी रहदारी आता बरीचशी परस्पर निघून जाते. एका घाटावरील गावे पाहणाऱ्यांनी वेढली, दुसऱ्या घाटावरील गावे पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. दोन्हींत निर्णय गावाचा नव्हता.

तो गावाकडे येण्याची एक सनद 2006 च्या वनहक्क कायद्याने दिली आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने तिच्या आधारे सामूहिक वनहक्क मिळविला, उजाड टेकडी राखून हिरवी केली, आणि तेथील सीताफळे ग्रामसभेच्या मार्फत विकावयास काढली. जंगल सांभाळणे आणि जंगलावर जगणे यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, हे त्या गावाने सरकारी अहवालापेक्षा चोख रीतीने दाखविले.

मेळघाटात होळीनंतरच्या दिवसांत गेलेल्या प्रवाशाची मोटार कोरकू मंडळी ढोलकी-बासरीच्या नादात अडवितात आणि फगवा मागतात. पुष्कळांना ती भीक वाटते, काहींना दांडगाई. चार नाणी टाकून काच वर केली जाते. इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर या मागण्याचा अर्थ पालटतो. किल्लेदाराची वसुली, साहेबाचा परवाना, प्रकल्पाच्या फाटकावरचे शुल्क, हे सर्व कर डोंगरात बसविले इतरांनी आणि त्यांचा जमाखर्चही इतरांनीच ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यावर गावाने स्वतः बसविलेला आणि स्वतःच उगविलेला फगवा तेवढा निराळा. तो देताना मोटारीतून खाली उतरावे, कोणत्या गावचा फगवा आहे ते विचारावे, आणि आपणही आपल्या गावाचे नाव सांगावे. डोंगर पाहावयास गेलेल्या माणसाने तेथे निदान एवढा रिवाज तरी पाळावयास हवा.