बर्फ, चेहरा आणि रॉ फाइल

आजची गोष्ट लढाईची नाही, उजेडाची आहे. सुरुवात मात्र बर्फातच होते.

2009 च्या हिवाळ्यात लडाखमध्ये मी आमच्या सुभेदारसाहेबांचा फोटो काढला होता. दुपारचं ऊन, मागे बर्फ, चेहऱ्यावर टोपीची सावली. कॅमेऱ्याने बर्फ सांभाळला आणि चेहरा काळाठिक्कर केला. साहेब गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलाने भिंतीवर लावायला फोटो मागितला, तर माझ्याकडे हा असा. जेपेग उजळवून पाहिली. गालांवर चौकोनी डाग उमटले, डोळे काही दिसेनात.

ही अडचण फार जुनी. 1857 साली गुस्ताव्ह ल ग्रे फ्रान्समधल्या सेत इथे समुद्राचे फोटो घेत होता. तेव्हाची काच निळ्या प्रकाशाला इतकी हळवी की समुद्र नीट आला तर आकाश कोरं पांढरं. त्याने आकाशाची एक आणि समुद्राची एक, अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स वायकॉफने तीन थरांची फिल्म बनवली, प्रत्येक थराची संवेदनशीलता वेगळी. कशासाठी? अणुस्फोट टिपायला! फौजी माणसाला याचं नवल वाटत नाही.

संगणक आला तेव्हा अडचण साठवणीची झाली. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, त्यात ऊन आणि सावली दोन्ही कशी मावणार? ग्रेग वॉर्ड बर्कलेच्या प्रयोगशाळेत इमारतींमधल्या उजेडाचं गणित करणारा ‘रेडिअन्स’ हा प्रोग्रॅम लिहीत होता. त्याने लाल, हिरव्या, निळ्याला एकेक बाइट दिला आणि चौथा बाइट तिघांचा सामायिक घातांक ठेवला. चार बाइटांत मेणबत्तीही मावली, सूर्यही. 1997 मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक (मलिक मूळचे मथुरेचे, शिकले आयआयटी कानपूरला) यांनी कमी-जास्त एक्स्पोजरच्या साध्या फोटोंमधून खरा उजेड मोजण्याची रीत मांडली. 2003 मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने सिनेमासाठी बनवलेला ‘ओपनईएक्सआर’ सर्वांना मोकळा केला.

आता रॉ. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची मोजणी. 14 बिटांच्या कॅमेऱ्यात 16,384 पायऱ्या, आणि उजेड दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. डेव्ह कॉफिनने 1997 पासून एकट्याने ‘डीसीरॉ’ लिहिला, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या या फाइली आपल्याला उघडता येतात. त्या माणसाला माझा सलाम.

माझं नशीब असं, की युनिटमधल्या एका तरुण कॅप्टनने कॅमेरा ‘रॉ अधिक जेपेग’वर लावून दिला होता. तेव्हा मी कार्ड लवकर भरतं म्हणून त्याच्यावर चिडलो होतो! जुन्या हार्ड डिस्कवर ती फाइल सापडली.

पहिल्या प्रयत्नात चूक केली. प्रोग्रॅमने आपल्या सवयीने आधी उजेडाला वक्र लावला, आठ बिटांवर आणलं, मग मी ते ईएक्सआरमध्ये ठेवलं. डबा मोठा, आत माल तोच. खरा क्रम असा: काळ्याची पातळी वजा करा, सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो म्हणून उरलेले दोन शेजाऱ्यांवरून भरा, पांढऱ्याचा तोल साधा, वक्र अजिबात लावू नका, आणि थेट ईएक्सआरमध्ये लिहा. छपाईसाठी ऊन-सावली कागदाच्या आवाक्यात आणायची ती त्यानंतर. आणखी एक सांगतो, सेन्सरवरच जे जळून पांढरं झालं ते कुठलाही फॉरमॅट परत आणत नाही. माझ्या फोटोत बर्फ जळला नव्हता, एवढं बरं.

चेहरा आला. थोडा रवाळ, पण आला. डाव्या भुवईवरची जुनी खूण मला आठवतच नव्हती. मुलाने फोनवर तीच आधी सांगितली, म्हणाला, “सर, ती मी लहानपणी क्रिकेटचा चेंडू मारला होता, त्याची.”