हवा विकणारी देवळाली

स्वित्झर्लंडमधलं डावोस आज स्कीइंगसाठी आणि महागड्या शॅलेंसाठी ओळखलं जातं. पण 1865 च्या सुमारास तिथे हिवाळ्यात येऊ लागले ते क्षयरोगी, कोरड्या थंड हवेसाठी. 1900 मध्ये सुरू झालेलं शाट्झाल्प सॅनिटोरियम पुढे हॉटेल झालं.

बर्फ वगळला, तर नाशिकजवळच्या देवळालीची कथा फारशी वेगळी नाही.

1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि मुंबईकरांना घाटमाथा जवळ आला. चढ इतका उभा, 37 फुटांना 1 फूट, की कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं जोडावी लागत, आजही लागतात. देवळालीला आधी गोऱ्या फौजेची छावणी पडली. मग मुंबईचे पारशी आणि गुजराती हवापालटाला येऊ लागले. लॅम रोडच्या परिसरात रुंद व्हरांड्यांचे बंगले उठले, समाजासमाजाची सॅनिटोरियमं निघाली. ट्रंका, गाद्या, स्वयंपाकाची भांडी घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं मुक्कामाला येत. औषध एकच: हवा. ती फुकट होती, म्हणून तर धंदा टिकला!

आता विकायला हवेसोबत ‘व्ह्यू’ही आहे. इगतपुरीत धुकं नि धबधबे, गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे. सेकंड होमच्या जाहिरातीत मुंबईचं अंतर किलोमीटरऐवजी तासांत छापतात. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा मुंबईकडचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि तो आकडाही खाली आला.