कर्जफेडीपोटी जमीन (शहापूर–मुरबाड)

ऋणकोने पैशांऐवजी जमीन देऊन कर्ज फेडण्याचा व्यवहार. ‘जमीन घ्या, पण कर्ज मिटवा’ एवढ्या बोलण्याने मालकी जात नाही. धनकोने ती पत्करावी लागते. मग मिटलेले कर्ज हीच किंमत ठरते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 प्रमाणे 100 रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराला नोंदलेले खरेदीखत लागते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा नुसता ताबा पुरत नाही. फेरफाराने सातबाऱ्यावर नाव बदलले तरी ती महसुली नोंद असते, मालकीचा दस्त नव्हे.

खरा घोळ मुदतखरेदीत होतो. कागदावर विक्री, मनात तारण. मुदतीत पैसे दिले की जमीन परत. मात्र याच अधिनियमाच्या 1929 च्या दुरुस्तीमुळे परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर व्यवहार गहाण धरला जात नाही. तोंडी शब्दावर विसंबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या ऋणकोवर हा नियम फार कठोरपणे पडतो. व्यवहार गहाण ठरला, तर जमीन सोडवण्याच्या दाव्याला 30 वर्षांची मुदत मिळते.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. इथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासींच्या जमिनींना मात्र साधा नियम लागू नाही. जमीन महसूल संहितेचे कलम 36अ (6 जुलै 1974 पासून) सांगते की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. विक्रीसाठी त्यांनाही शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ती नसेल, तर कर्ज खरे आणि खरेदीखत नोंदलेले असूनही व्यवहार टिकत नाही. हे बंधन हवेच. अडलेल्या माणसाची संमती मोकळी नसते, आणि जमीन गेली की त्याच्याकडे मजुरीखेरीज काही उरत नाही.

1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातील आदिवासी जमिनींच्या हस्तांतरांसाठी जमीन परत देण्याचा स्वतंत्र कायदा 1974 चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो लिंगप्पा पोचन्ना खटल्यात उचलून धरला.

सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 जातीचा भेद न करता लागू होतो. गेल्या 15 वर्षांत सावकाराकडे गेलेली जमीन मुळात कर्जाचे तारण होती, असे चौकशीत आढळल्यास जिल्हा निबंधक खरेदीखत अवैध ठरवून ताबा ऋणकोला किंवा त्याच्या वारसाला देऊ शकतो.