लोहचुंबक

लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि त्यांच्या काही मिश्रधातूंना स्वतःकडे ओढून घेणारी वस्तू. मॅग्नेटाइट हे लोहाचे काळे खनिज कधी कधी निसर्गतःच चुंबक झालेले सापडते. दख्खनच्या काळ्या खडकातही मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. त्यामुळे जुन्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून नदीच्या वाळूतून ओढला, तर त्यावर काळी लव उगवल्यासारखे कण उभे राहतात. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांना चुंबक धरत नाही. स्टीलच्या डब्यांचे मात्र एकच एक उत्तर नाही. काही डब्यांना तो चिकटतो, काहींना नाही. लोह दोन्हींत असते, पण धातूची आतली रचना निराळी असते.

पट्टीचुंबक लोहकिसात बुडवून उचलला, की दोन्ही टोकांना किसाचे दाट झुपके लोंबतात आणि मधला भाग जवळजवळ कोरा राहतो. ज्या जागी ओढ सर्वांत जास्त, ते चुंबकाचे ध्रुव. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ध्रुव जवळ ओढतात. विद्यार्थ्यांनी यातले लोटणे नीट ध्यानात ठेवावे. साधे लोखंडही चुंबकाकडे ओढले जातेच. म्हणून एखादी पट्टी दुसऱ्या चुंबकाला दूर लोटते तेव्हाच ती चुंबक असल्याची खात्री पटते. सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक चुंबक आणि एक लोखंड असेल, तर एकीचे टोक दुसरीच्या बरोबर मध्याशी न्यावे. जोराची ओढ जाणवली, तर हातातली पट्टी चुंबक; नाहीतर दुसरी.

चुंबकाचे दोन तुकडे केले तरी ध्रुव वेगळे होत नाहीत, प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव असतात. ध्रुव नेहमी जोडीनेच आढळतात.

मोकळा टांगलेला चुंबक दक्षिणोत्तर स्थिर होतो. होकायंत्र याच गुणावर चालते. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली आपल्या ग्रंथात मांडले. सुईचे उत्तर टोक उत्तरेकडे ओढले जाते, याचा अर्थ तिकडे पृथ्वीचा चुंबकीय दृष्ट्या दक्षिण ध्रुव आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. पृथ्वीच्या या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. विजेच्या ट्राम आल्या तर मोजमापे बिघडतील म्हणून ती वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत.

चुंबकाच्या सान्निध्यात टाचणीही तात्पुरती चुंबक बनते आणि दुसरी टाचणी उचलते. पोलादात हा गुण टिकतो, मऊ लोखंडात लवकर ओसरतो. आपटल्याने, ठोकल्याने किंवा तापवल्याने चुंबक दुबळा होतो. लोखंडाचे चुंबकत्व सुमारे ७७० अंश सेल्सिअसला नाहीसे होते. शाळेतले पट्टीचुंबक जोडीने, विजातीय ध्रुव शेजारी येतील असे ठेवावेत आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावावेत.